परसदारचा रॉथ: तारखा, कर आणि एक जुना वाद

मंडळी, मागच्या दारानं प्रवेश म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा विधान परिषद आठवते. विधानसभेला पडलेला माणूस काही महिन्यांत परिषदेवर जातो, मंत्री होतो, आणि वर्तमानपत्रं 'मागच्या दाराने प्रवेश' असा मथळा देतात. त्यात कायदा मोडलेला नसतो, पण वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी पडतेच. आज आपण ज्याबद्दल बोलणार आहोत त्या अमेरिकन व्यवहाराचं नावही 'बॅकडोअर रॉथ' असंच आहे, आणि तेवढ्या नावानंच आपली बरीच सालस माणसं त्यापासून दूर राहतात. दुसरी काही माणसं व्हॉट्सअॅपवर आलेली चार ओळींची कृती वाचून धाडकन करून मोकळी होतात आणि पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये करसल्लागारापुढे डोकं धरून बसतात. आम्हाला दोन्ही प्रकारची मंडळी भेटतात.

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं करावर का बोलावं, असं संयोजकांनीही विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पण करकायदा हा शेवटी शब्दांचा अर्थ लावण्याचाच उद्योग आहे. मीमांसकांनी शतकानुशतकं दुसरं काय केलं? वाक्यात आज्ञा कुठली, नुसती स्तुती कुठली, दोन वाक्यं एकमेकांशी भांडू लागली तर बलवान कुठलं. एवढ्या भांडवलावर आम्ही इथे उभे आहोत. आमचं ऐकून कुणी तडक सही करू नये. सल्लागाराकडे जायचं ते नेमकं काय विचारायला, एवढं कळलं तरी आजची संध्याकाळ कारणी लागली.

आधी पुढचं दार पाहू. अमेरिकेत नोकरदाराला स्वतःच्या नावानं जे निवृत्तिखातं उघडता येतं त्याला आयआरए म्हणतात. १९७४ च्या कायद्यानं ते आलं. त्यातला जुना प्रकार ट्रॅडिशनल: पैसे घालताना करात वजावट, आत वाढताना कर नाही, म्हातारपणी काढताना सगळ्यावर कर. दुसरा प्रकार रॉथ, १९९७ च्या कायद्यानं आलेला आणि १९९८ पासून सुरू झालेला. डेलावेअरचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावावरून ते नाव पडलं. इथे सगळं उलट. घालताना वजावट नाही, म्हणजे कर भरून झालेले पैसे घालायचे. पण आत जे वाढेल ते नियम पाळून काढलं तर पूर्ण करमुक्त. शिवाय मालक हयात असेपर्यंत दर वर्षी अमुक रक्कम काढलीच पाहिजे अशी सक्ती रॉथला नाही. ट्रॅडिशनलला ती आज ७३ व्या वर्षापासून लागते.

शेतकऱ्याला विचारलं की बियाण्यावर कर देतोस की पिकावर, तर तो पिकाचा अंदाज घेऊन उत्तर देईल. रॉथ म्हणजे बियाण्यावर कर. ज्याच्यापुढे तीस वर्षं आहेत त्याला हा सौदा गोड वाटणं साहजिक आहे. पण सरकारनं पुढच्या दारावर एक पहारेकरी बसवला आहे. उत्पन्न एका मर्यादेपलीकडे गेलं की रॉथमध्ये थेट पैसे घालता येत नाहीत. २०२५ साठी एकट्या व्यक्तीला १,५०,००० डॉलरपासून परवानगी आकसू लागते आणि १,६५,००० ला संपते; एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या नवरा-बायकोसाठी हेच आकडे २,३६,००० आणि २,४६,००० आहेत. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये असलेलं आपलं एखादं दांपत्य ही मर्यादा सहज ओलांडतं. आणि विवाहित असून वेगवेगळी विवरणपत्रं भरणारे, पण वर्षात कधीतरी एकत्र राहिलेले, यांची मर्यादा अवघी १०,००० आहे. हा शेवटचा नियम पुष्कळांना माहीत नसतो.

आता परसदार कसं तयार झालं ते ऐका, कारण इथेच पुढच्या वादाचं बीज आहे. कुणी हुशार वकिलानं रात्रीतून भिंत फोडून ते पाडलेलं नाही. १९८६ च्या करसुधारणेत ट्रॅडिशनल खात्यात वजावट न घेता पैसे घालण्याची मुभा मिळाली, उत्पन्न कितीही असो. ही पहिली फळी. ट्रॅडिशनलमधले पैसे कर भरून रॉथमध्ये हलवण्याची, म्हणजे कन्व्हर्जनची, सोय १९९८ पासून होती, पण १,००,००० डॉलरच्या वर उत्पन्न असणाऱ्याला ती बंद होती. २००६ च्या मे महिन्यात सही झालेल्या एका कायद्यानं २०१० पासून ही अट काढून टाकली. ही दुसरी फळी. अट काढली ती श्रीमंतांवरच्या मायेपोटी, असं म्हणायला आम्ही तयार नाही. कन्व्हर्जन केलं की कर आज भरावा लागतो, त्यामुळे अंदाजपत्रकाच्या हिशोबात येत्या काही वर्षांचा महसूल फुगलेला दिसत होता, आणि दुसरीकडे दिलेल्या करसवलतींची भरपाई दाखवायची होती. पुढच्या पिढीच्या खिशातलं आज मोजून घेण्याची ही सवय कुठल्याच देशाच्या सरकारला नवीन नाही. असो. दोन फळ्या शेजारी आल्या आणि दार झालं. उत्पन्न कितीही असलं तरी ट्रॅडिशनलमध्ये विनावजावट पैसे घालायचे, आणि तिथून ते रॉथमध्ये हलवायचे.

कृती सरळ दिसते. २०२५ साठी ५० वर्षांखालच्या माणसाला ७,००० डॉलर घालता येतात, ५० आणि पुढच्याला ८,०००. २०२६ साठी हे आकडे ७,५०० आणि ८,६०० झाले आहेत. समजा एका बाईंनी जानेवारी २०२५ मध्ये ७,००० रिकाम्या ट्रॅडिशनल खात्यात घातले. चार-सहा दिवसांत रक्कम खात्यात स्थिरावली, तिच्यावर ३ डॉलर व्याज आलं, आणि त्यांनी ७,००३ रॉथमध्ये हलवले. ७,००० वर कर आधीच भरलेला आहे, म्हणून करपात्र फक्त ३. लोक विचारतात, मध्ये किती दिवस थांबायचं? कायद्यात असा कुठलाही मुक्काम सांगितलेला नाही. महिनाभर थांबावं, एक तरी मासिक उतारा येऊ द्यावा, अशी एक समजूत पसरली आहे. तिचा उगम ज्या वादात आहे त्याकडे आपण नंतर येऊ. तोवर व्यवहारातली गोष्ट एवढीच की मधल्या काळात पैसे रोखीतच ठेवावेत. शेअरमध्ये घातले आणि वधारले, तर वाढलेला भाग कन्व्हर्जनच्या वेळी नेहमीच्या उत्पन्नासारखा करपात्र होतो.

पैसे घालायला मिळकत कष्टाची लागते, पगार किंवा धंद्याची. पेन्शन, भाडं, व्याज, लाभांश चालत नाही. निवृत्त झालेल्यांपैकी काही जण मान हलवताहेत, पण एक वाट आहे: जोडीदार अजून कमावत असेल आणि विवरणपत्र एकत्र असेल, तर त्याच्या मिळकतीवर न कमावणाऱ्याच्या नावानंही घालता येतात. मात्र खातं ज्याचं त्याचं. नवरा-बायकोचं संयुक्त आयआरए अशी वस्तूच नाही, आणि ही बाब पुढे एका ठिकाणी फार उपयोगी पडणार आहे.

आता तारखा. इथे दोन वेगळी घड्याळं चालतात आणि बहुतेक घोटाळे ती एकच समजल्यानं होतात. पैसे घालण्याचं घड्याळ एप्रिलपर्यंत मागे पाहू शकतं. २०२५ सालासाठीचे पैसे १५ एप्रिल २०२६ पर्यंत घालता येतात, फक्त 'हे २०२५ चे' असं ब्रोकरेज कंपनीला सांगावं लागतं. विवरणपत्राला मुदतवाढ घेतली म्हणून ही तारीख पुढे सरकत नाही. कन्व्हर्जनचं घड्याळ मात्र मागे पाहतच नाही. ज्या कॅलेंडर वर्षात पैसे ट्रॅडिशनलमधून निघाले, ते कन्व्हर्जन त्या वर्षाचं. ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता ते दार बंद. मार्च २०२६ मध्ये बसून 'गेल्या वर्षीचं कन्व्हर्जन' करता येत नाही, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष असलात तरी.

मग एखाद्यानं मार्च २०२६ मध्ये २०२५ साठी ७,००० घातले आणि त्याच आठवड्यात हलवले, तर काय होईल? २०२५ च्या विवरणपत्रात फक्त घातल्याची नोंद होईल. हलवल्याची नोंद २०२६ च्या विवरणपत्रात, म्हणजे २०२७ च्या वसंतात. मधल्या वर्षी कंपनीकडून कन्व्हर्जनचा कागद आला नाही म्हणून माणूस हवालदिल होतो. कागद येणारच नसतो. या माणसानं त्याच मार्चमध्ये २०२६ साठीचे ७,५०० सुद्धा घातले तर तो १४,५०० एकदम हलवू शकतो; बेकायदा काहीच नाही, फक्त एक कन्व्हर्जन आणि दोन सालांच्या नोंदी अशी गुंतवळ सांभाळावी लागते. ज्याला निवांत झोप हवी त्यानं घालणं आणि हलवणं दोन्ही एकाच कॅलेंडर वर्षात, शक्यतो जानेवारीत करावं. आणखी एक जुना आधार गेला आहे हेही लक्षात असू द्या: पूर्वी केलेलं कन्व्हर्जन परत फिरवता येत असे. २०१७ च्या कायद्यानं २०१८ पासून ते बंद केलं. हलवलं की हलवलं.

इथवर जे सांगितलं ते रिकाम्या खात्याचं. आता भरलेल्या खात्याकडे येऊ, कारण खरा खड्डा तिथे आहे.

हंस दूध आणि पाणी वेगळं करतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. आयआरएसकडे हंस नाही. तुमच्या नावावर जितकी आयआरए असतील, ट्रॅडिशनल, जुन्या नोकरीतून आणलेलं रोलओव्हर, स्वतःच्या धंद्याचं सेप, छोट्या कंपनीतलं सिंपल, ती कितीही ठिकाणी, कितीही नावांनी असोत, कायदा ती सगळी एकाच भांड्यात ओततो. त्या भांड्यात कर न भरलेले पैसे दूध आणि कर भरलेले पाणी, असं समजा. तुम्ही भांड्यातून एक पेला काढलात तर त्यात दूध-पाणी भांड्यात ज्या प्रमाणात आहे त्याच प्रमाणात येणार. 'मी फक्त पाणी काढलं' हे म्हणणं ऐकून घेतलं जात नाही.

आकडे घेऊ. एका गृहस्थांच्या रोलओव्हर खात्यात जुन्या कंपनीचे ९३,००० आहेत, सगळे कर न भरलेले. त्यांनी दुसऱ्या कंपनीत मुद्दाम नवं, कोरं ट्रॅडिशनल खातं उघडलं, त्यात विनावजावट ७,००० घातले आणि तेच ७,००० रॉथमध्ये हलवले. त्यांच्या मनात दोन वेगळी खाती आहेत. कायद्याच्या मनात १,००,००० चं एक भांडं आहे, ज्यात ७ टक्के पाणी. म्हणून हलवलेल्या ७,००० पैकी फक्त ४९० करमुक्त, ६,५१० करपात्र. २४ टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर सुमारे १,५६२ डॉलरचा केंद्रीय कर, वर राज्याचा असेल तो वेगळा. उरलेला ६,५१० चा हक्क बुडत नाही. तो 'बेसिस' म्हणून पुढच्या वर्षांसाठी भांड्यातच राहतो. पण ज्यासाठी खटाटोप केला ते झालं नाही.

हे प्रमाण काढताना भांडं कधी मोजतात, हा कळीचा मुद्दा आहे. कन्व्हर्जनच्या दिवशी नाही. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला शिल्लक किती होती ते घेतात आणि वर्षभरात काढलेलं व हलवलेलं त्यात मिळवतात. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात गंमत वाटेल: मार्चमध्ये झालेल्या कृतीचा अर्थ डिसेंबरमध्ये ठरतो. कारण आधी आणि कार्य नंतर, ही आपली साधी श्रद्धा इथे चालत नाही. समजा त्या आधीच्या बाईंनी जानेवारीत सगळं स्वच्छ केलं. ऑक्टोबरमध्ये त्यांची नोकरी गेली किंवा बदलली, आणि जुन्या कंपनीच्या ४०१(के) मधले दोन लाख त्यांनी कुणाच्या तरी सल्ल्यानं रोलओव्हर आयआरएमध्ये आणले. ३१ डिसेंबरला भांडं दुधानं भरलेलं आहे. जानेवारीतलं स्वच्छ कन्व्हर्जन जवळजवळ पूर्ण करपात्र झालं, त्यांनी त्या खात्याला पुन्हा बोट न लावता. आपल्याकडे नोकऱ्या बदलणाऱ्यांचं, आणि गेल्या काही वर्षांत अचानक काढल्या गेलेल्यांचं, प्रमाण पाहता आम्हाला या सापळ्याची सर्वांत जास्त धास्ती वाटते. नोकरी सुटल्याच्या आठवड्यात माणूस व्हिसाचे दिवस मोजत असतो. त्या वेळी फोनवरचा गोड आवाज 'आमच्याकडे रोलओव्हर करा' म्हणाला तर तो हो म्हणून बसतो.

यावर उतारा आहे. ४०१(के) हे त्या भांड्यात धरलं जात नाही. म्हणून जुने पैसे तिथेच राहू द्यावेत, किंवा नव्या मालकाच्या योजनेत न्यावेत. आणि आधीच आयआरएमध्ये आणून बसलेले असतील, तरी नव्या मालकाची योजना स्वीकारत असेल तर तिथे परत पाठवता येतात. प्रत्येक योजना स्वीकारते असं नाही, आधी विचारावं लागतं. यातली सुंदर गोष्ट अशी की आयआरएमधून ४०१(के) मध्ये फक्त कर न भरलेलाच पैसा जाऊ शकतो. म्हणजे ज्या एका ठिकाणी कायदा हंस होतो ते हे. दूध तिकडे गेलं, भांड्यात निखळ पाणी उरलं, आणि ते रॉथमध्ये हलवलं. अट एकच: दूध ३१ डिसेंबरच्या आत भांड्याबाहेर गेलेलं हवं, नुसता अर्ज गेलेला नव्हे. चेक टपालात असताना नवं वर्ष उजाडावं असं कुणाच्या नशिबी येऊ नये. नोव्हेंबरच्या आधी हे काम उरकावं.

मघाशी म्हटलं ना, खातं ज्याचं त्याचं, तो मुद्दा इथे कामाला येतो. नवऱ्याच्या नावावर लाखाचं रोलओव्हर असलं तरी बायकोच्या हिशोबात ते येत नाही. एकाचं परसदार तुंबलं म्हणून दुसऱ्यानं आपलं बंद ठेवायचं कारण नाही. आई-वडिलांकडून वारसानं आलेलं आयआरएसुद्धा आपल्या भांड्यात मिसळत नाही.

या सगळ्याची स्मृती कुठे राहते? फॉर्म ८६०६ मध्ये. दोन पानांचा कागद. पहिल्या भागात, विनावजावट किती घातले आणि आतापर्यंतचा बेसिस किती. दुसऱ्या भागात, हलवले किती आणि त्यातलं करपात्र किती. दोघांनी केलं तर दोघांचे दोन फॉर्म. न भरल्याचा दंड ५० डॉलर आहे, आणि तो ऐकून लोक हसतात. खरा दंड वेगळा आहे. ब्रोकरेज कंपनी जानेवारीअखेरीस १०९९-आर नावाचा कागद पाठवते. त्यात ७,००० ची पूर्ण रक्कम करपात्राच्या रकान्यात छापलेली असते आणि शेजारी बारीक खूण असते की करपात्र रक्कम निश्चित केलेली नाही. कंपनीला तुमचा बेसिस ठाऊकच नसतो. तुम्ही, किंवा घाईतल्या सल्लागारानं, तो आकडा तसाच उचलला आणि ८६०६ भरला नाही, तर ज्या पैशांवर पगारात कर गेला त्याच पैशांवर पुन्हा कर जातो. आयआरएस फोन करून सांगणार नाही की अहो, तुम्ही जास्त भरलात. दहा वर्षांनी कुणी विचारलं तर तुमच्या बेसिसचा साक्षीदार म्हणून हेच कागद उभे राहणार आहेत, आणि तुम्ही नसलात तर ते मुलांना सापडले पाहिजेत. आमच्या पिढीनं रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलं. त्या पिशवीत याला जागा द्यावी.

पाच वर्षांच्या नियमाबद्दल थोडक्यात. ५९ वर्षं ६ महिने पूर्ण होण्याआधी रॉथमधून काढायचं झालं, तर प्रत्येक कन्व्हर्जनला स्वतःची पाच वर्षं असतात, आणि ती त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी हलवलं तरी जवळजवळ एक वर्ष फुकट मिळतं. त्याआधी काढलं तर १० टक्के दंड, पण तो कन्व्हर्जनच्या वेळी करपात्र ठरलेल्या भागावर. स्वच्छ परसदारात तो भाग तीन-चार डॉलरचा असतो, म्हणून घाबरण्यासारखं फार नाही. आत वाढलेला नफा मात्र करमुक्त हवा तर दोन्ही लागतात: ते वय आणि पहिलं रॉथ उघडलेल्या सालापासून पाच वर्षं. आणि ७३ च्या पुढे असाल तर त्या वर्षीची सक्तीची रक्कम आधी काढायची, मग उरलेल्यातून हलवायचं. ती सक्तीची रक्कम स्वतः रॉथमध्ये जाऊ शकत नाही.

आता तो वाद. पुढच्या दारानं ज्याला मनाई आहे त्यानं मागून आत येणं, हा कायद्याशी केलेला कपटाचार नव्हे काय? अमेरिकन न्यायालयांनी हा प्रश्न फार पूर्वी गंभीरपणे हाताळला आहे. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयानं ग्रेगरी विरुद्ध हेल्व्हरिंग या खटल्याचा निकाल दिला. ग्रेगरीबाईंनी आपल्या कंपनीकडचे शेअर कमी करात स्वतःकडे आणण्यासाठी एक नवी कंपनी काढली, शेअर तिच्यात टाकले आणि सहा दिवसांत ती मोडून टाकली. कायद्याच्या प्रत्येक शब्दाचं पालन झालं होतं. न्यायालय म्हणालं, शब्द पाळले, पण ज्या गोष्टीसाठी ते शब्द होते ती गोष्ट इथे घडलीच नाही. त्याच विचाराच्या पोटी पुढे एक तत्त्व रूढ झालं: अनेक पायऱ्या जर एकाच हेतूनं आखलेल्या असतील तर त्या एकच पायरी म्हणून पाहता येतात. महिनाभर थांबा ही समजूत इथून आली. दोन पायऱ्यांत अंतर दिसलं तर त्या एक वाटणार नाहीत, असा हिशोब.

आमच्या मते या दोन प्रकरणांत फरक आहे, आणि तो दिवसांचा नाही. ग्रेगरीबाईंची कंपनी हे सोंग होतं. व्यवहारातून ती काढून टाकली तर खरं काहीच कमी होत नव्हतं. इथे दोन्ही पायऱ्या कायद्यानं स्वतंत्रपणे, नाव घेऊन मान्य केलेल्या आहेत, आणि सरकारच्याच फॉर्मवर दोन्हींसाठी ओळी छापलेल्या आहेत. शिवाय २०१७ च्या करकायद्यासोबत दोन्ही सभागृहांच्या समितीनं जो अहवाल दिला, त्याच्या तळटीपांत असं स्पष्ट म्हटलं आहे की ज्याला थेट रॉथमध्ये घालता येत नाही तो ट्रॅडिशनलमध्ये घालून ते हलवू शकतो. तळटीप म्हणजे कायदा नव्हे, हे मीमांसकाला सांगायला नको. पण विधीचा अर्थ लावताना अर्थवादाला वजन असतंच. २०२१ च्या नोव्हेंबरात प्रतिनिधीगृहानं हे दार २०२२ पासून बंद करणारं कलम असलेलं विधेयक मंजूर केलं होतं. सिनेटमध्ये ते अडकलं. ज्या गोष्टीला आधीपासूनच मनाई आहे ती बंद करायला नवं कलम कशाला लागलं असतं?

हे कायद्याचं झालं. न्यायाचं विचाराल तर आम्हाला ही रचना आवडत नाही. मर्यादा ठेवायची आणि ती ओलांडायची वाट फक्त जाणकारांना, किंवा जाणकार विकत घेऊ शकणाऱ्यांना माहीत असू द्यायची, हे नियमाचं वाईट रूप आहे. एक तर मर्यादा खरी ठेवा, नाहीतर काढून टाका. पण हा दोष रचना करणाऱ्याचा. वाट वापरणारा माणूस दर वर्षी सरकारला लेखी कळवतो आहे की मी इतके घातले, इतके हलवले. चोर मागच्या दारानं गेला तर जाताना वहीत सही करत नाही. लबाडी आणि चातुर्य यांच्यातली रेघ आम्ही याच सहीवर ओढतो.

भारतात परत जाण्याचा विचार असलेल्यांसाठी एक सूचना. भारताचा कायमचा रहिवासी झाल्यावर जगभरच्या उत्पन्नावर तिथे कर लागतो. मग अमेरिकन खात्यात वाढणाऱ्या पैशांचं काय, यावर तोडगा म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात २०२१ साली कलम ८९-अ घातलं गेलं. त्यातली सवलत ज्या खात्यांना आहे त्यांची व्याख्या अशी की परदेशात त्या खात्यातल्या वाढीवर वाढताना कर लागत नाही, तर पैसे काढताना लागतो. ट्रॅडिशनल यात अलगद बसतं. रॉथला काढतानाही कर नाही, हाच तर त्याचा गुण; आणि व्याख्या शब्दशः वाचली तर हाच गुण आड येतो. 'करमुक्त' हे विशेषण देशाच्या सीमेपर्यंतच चालतं. पुण्याला परतायचं ठरलेलं असेल तर दर वर्षी रॉथ भरत जाण्याआधी दोन्ही देशांचा कर कळणाऱ्याकडे एकदा बसावं.

समोरून दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: तीन वर्षं बॅकडोअर केलं, ८६०६ एकदाही भरला नाही. घाबरू नका. मागच्या प्रत्येक वर्षाचा त्या-त्या वर्षाचा फॉर्म आताही भरता येतो, क्रमानं भरावा, म्हणजे बेसिस पुढे जुळत येईल. दंड प्रत्येकी ५०, आणि सबळ कारण पटलं तर तोही माफ होऊ शकतो. जास्त कर भरला गेला असेल तर सुधारित विवरणपत्र लागेल, आणि परताव्यासाठी साधारण तीन वर्षांची मुदत असते. सर्वांत जुनं वर्ष आधी हातात घ्या.

दुसरी: वर्षाच्या सुरुवातीला थेट रॉथमध्येच भरले, डिसेंबरमध्ये बोनस आला आणि मर्यादा ओलांडली. हे फार होतं. घातलेली रक्कम, तिच्यावरच्या वाढीसकट, 'ती मुळात ट्रॅडिशनलमध्येच घातली होती' असं ठरवून घेता येतं. कन्व्हर्जन फिरवता येत नाही, पण घालणं असं फिरवता येतं. विवरणपत्र वेळेवर भरलं असेल तर १५ ऑक्टोबरपर्यंत. नंतर तीच रक्कम परसदारानं आत आणा. मधली वाढ करपात्र होईल, आणि कन्व्हर्जन त्या वर्षाचं धरलं जाईल ज्या वर्षी तुम्ही ते प्रत्यक्ष कराल. काहीच केलं नाहीत तर जादा रकमेवर दर वर्षी ६ टक्के, रक्कम तिथे असेपर्यंत. म्हणून ही चिठ्ठी ज्यांची आहे त्यांनी उद्या सकाळी पहिला फोन ब्रोकरेज कंपनीला करावा, आणि करण्याआधी आपल्या नावावर आणखी कुठे आयआरए आहे का, ते एका कागदावर लिहून ठेवावं.